बेडकाचा आहार कळायला बेडूक मारावा लागत नाही

नागझिऱ्यातल्या वाघाने गेल्या आठवड्यात काय खाल्ले, हे शोधायला कोणी वाघाचे पोट फाडत नाही. वाटेवर पडलेली विष्ठा उचलायची, धुऊन गाळायची आणि तीत सापडलेल्या केसांवरून सावज चितळ होते की रानडुक्कर ते ओळखायचे, ही रीत देशातल्या वन्यजीव अभ्यासकांच्या कधीच अंगवळणी पडली आहे. बिबट्याचे तेच, कोल्ह्याचे तेच. घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्यांतून उंदरांच्या कवट्या वेचल्या की त्याच्याही जेवणाची यादी तयार होते. नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटातून बाहेर पडून तिरोड्याच्या दिशेने धानाच्या बांध्या सुरू झाल्या की मात्र हे शहाणपण संपते. बांधीतला बेडूक काय खातो असा प्रश्न आला की प्राणिशास्त्राने वर्षानुवर्षे एकच वाट दाखवली: पकडा, मारा, पोट चिरा, आत काय आहे ते मोजा. वाघ मोजके आणि बेडूक पुष्कळ, हे या दोन रीतींमागचे एक कारण. बेडकाच्या बाबतीतली ही जुनी रीत आता सोडून द्यावी, असे माझे म्हणणे आहे. त्यात दयेचा भाग आहेच, पण तो मी मागे ठेवतो. धानपट्ट्याला बेडकाकडून जे जाणून घ्यायचे आहे, ते मारलेल्या बेडकापेक्षा जिवंत बेडूक अधिक नीट सांगतो, हा माझा मुख्य मुद्दा आहे.

गोंदिया जिल्ह्यातले तिरोडा म्हटले की बाहेरच्या माणसाला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आठवतो. तालुक्याचा संसार मात्र धानावर चालतो. पश्चिमेला वैनगंगा, दक्षिणेला नागझिऱ्याचे जंगल, मध्ये चोरखमारा आणि बोदलकसासारखे मोठे तलाव, माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर पोसलेल्या बांध्या असा हा मुलूख. मृगाचा पाऊस पडला की जमिनीखाली दडून बसलेला मोठा बेडूक बाहेर येतो. विणीच्या दिवसांत त्याचे नर पिवळेजर्द होऊन बोडीच्या काठाने ओरडत बसतात. त्याच्यासोबत पाण्यावर टुणटुण उड्या मारत जाणारा लहान बेडूक, धुऱ्यावरच्या गवतात लपणारे बांधीबेडूक, घरापाशी दिव्याखाली येऊन बसणारा खडबडीत कातडीचा भेक अशी सगळी मंडळी रोवणीपासून कापणीपर्यंत धानाच्या सोबतीला असतात. शाळेच्या पुस्तकाने यांना ‘शेतकऱ्याचा मित्र’ असे प्रशस्तिपत्र देऊन टाकले आहे. मित्र खरा, पण कोणत्या शत्रूच्या बाबतीत आणि कितपत? खोडकिड्याची अळी खोडाच्या आत असते, गादमाशीची अळी पोंग्याच्या आत. तिथे बेडकाची जीभ पोहोचत नाही. त्याला सापडलेच तर रात्री उडणारे पतंग आणि माश्या सापडतील. तपकिरी तुडतुडा मात्र रोपाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो. फवाऱ्याचे औषध तिथवर नीट उतरत नाही आणि लहान बेडूक नेमका तिथेच बसलेला असतो. लष्करी अळी जमिनीवरून चालत एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाते, तेव्हा वाटेत तिला बेडूक भेटतो. उलट बाजूने पाहिले तर बेडूक कोळीही खातो, भुईभुंगेही खातो, आणि हे दोघे स्वतः किडीवर जगतात. म्हणजे बेडकाचा जमाखर्च मांडल्याशिवाय ‘मित्र’ हा शब्द घोषणेपलीकडे जात नाही. हा जमाखर्च त्याच्या पोटातच मिळणार.

या प्रश्नाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला चार हजार टनांच्या आसपास बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. मोठ्या बेडकाच्या मागच्या दोन पायांसाठी अख्खा बेडूक संपायचा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी या व्यापाराविरुद्ध आवाज उठवला आणि १९८५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिले. बेडूक गेला तर कीड वाढेल, कीड वाढली तर कीटकनाशकांवर परकीय चलन जाईल, मग तंगड्या विकून मिळवले काय, असा हिशेब त्या काळी मांडला गेला. त्याच वर्षी हा मोठा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. निर्णय योग्यच होता. मात्र त्या वादात बेडकाच्या भुकेविषयी जे बोलले गेले त्यातला बराचसा भाग अंदाजाचा होता: इतका बेडूक, रोज इतके किडे, म्हणून इतकी बचत. कोणत्या पिकात, कोणत्या महिन्यात, कोणता किडा, हे बांधीनिहाय मोजण्याचे काम मागेच राहिले. निर्यातबंदीला चार दशके होत आली तरी पूर्व विदर्भातल्या धानाच्या शिफारशींत बेडकाची जागा फार तर एका ओळीची आहे.

पूर्वी अभ्यासक बेडूक मारत ते क्रौर्य म्हणून नव्हे. बेडूक पकडला तरी त्याचे पचन थांबत नाही. तासा-दोन तासांत मऊ अळीचा लगदा होतो आणि ओळख पटत नाही. म्हणून जागच्या जागी मारून रसायनात बुडवणे हा पचन थांबवण्याचा खात्रीचा उपाय वाटे. त्याला पर्याय मिळाला तो कासवांच्या अभ्यासातून. अमेरिकेतले जॉन लेगलर यांनी १९७७ मध्ये कासवाचे पोट पाण्याने धुऊन आतले अन्न बाहेर काढण्याची पद्धत मांडली आणि १९७९ मध्ये लेगलर व सलिव्हन यांनी तीच सरडे आणि बेडकांसाठी वापरून दाखवली. पद्धत समजायला अवघड नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात बेडूक पकडायचा, ओल्या हाताने धरायचा, बोथट चपट्या पट्टीने तोंड अलगद उघडायचे. लहान बाळाला दूध पाजण्यासाठी दवाखान्यात वापरतात तशी मऊ नळी घशातून जठरापर्यंत सरकवायची आणि सिरिंजने त्याच तळ्याचे गाळून घेतलेले पाणी हळूहळू आत सोडायचे. बेडकाचे डोके खाली झुकलेले ठेवले की पाण्याबरोबर अन्न तोंडावाटे बारीक जाळीत येऊन पडते. अन्न येणे थांबेपर्यंत दोन-तीनदा हेच करायचे. बेडूक भक्ष्य चावत नाही, अख्खे गिळतो. त्यामुळे जाळीत पडतो तो चुरा नसतो. पंख, पाय, डोके जागेवर असलेला किडा असतो. तो अल्कोहोलच्या बाटलीत जातो, बेडूक जिथून उचलला तिथे परत जातो. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली: किडा कोणत्या गटातला, लांबी किती, रुंदी किती. लांबी-रुंदीवरून घनफळ काढतात, कारण नुसत्या संख्येने फसगत होते. वीस मुंग्या आणि एक अळी सापडली तर संख्येने मुंग्या जिंकतात, पोट मात्र अळीने भरलेले असते.

पोटात नळी घालून पाणी सोडणे हाही छळच नाही का, असा आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. पकडले जाण्याचा, हाताळले जाण्याचा ताण बेडकाला होतोच, आणि मिळवलेले जेवणही जाते. प्रश्न त्या ताणाच्या तुलनेत दुसऱ्या पारड्यात काय आहे याचा आहे, आणि तिथे मरण आहे. शिवाय पोट रिकामे होणे बेडकाच्या शरीराला अगदी परके नाही. नाइटो आणि वासरसुग यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक मजेशीर निरीक्षण छापले: पोटात काही विषारी गेले तर बेडूक आणि भेक अख्खे जठरच उलटे करून तोंडाबाहेर काढतात आणि पुढच्या उजव्या पायाने पुसून पुन्हा आत घेतात. उजव्याच पायाने, कारण बाहेर आलेले जठर उजव्या बाजूला लोंबते. अर्थात बेडूक स्वतः जे करतो ते आपण कसेही केले तरी चालते असा याचा अर्थ नाही. नळी जाड असली, पाण्याचा जोर जास्त झाला, हात शिकाऊ असला तर इजा होते. म्हणूनच या पद्धतीवर पुढे काम होत राहिले. दक्षिण ब्राझीलच्या अरौकारिया जंगलात मिर्को सोले आणि सहकाऱ्यांनी तिची सुधारित कृती प्रत्यक्ष बेडकांवर पारखून २००५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आज जगभर बेडकांच्या आहाराचे पुष्कळसे अभ्यास याच वाटेने होतात. एक काळजी मात्र हट्टाने घ्यावी लागते. कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी जगभर उभयचरांच्या मुळावर उठली आहे. एका बेडकाची नळी तशीच दुसऱ्याच्या तोंडात घातली तर आपणच रोगाचे वाहक होऊ. नळी, हातमोजे, पिशवी दर बेडकाला नवी किंवा निर्जंतुक केलेली, हा नियम वाकवून चालणार नाही.

भारतात हे जमेल का, याचे उत्तर अंदमानने दिले आहे. आपल्या बांधीतला हाच मोठा बेडूक मुख्य भूमीवरून, बहुधा मत्स्यबीजाच्या खेपांबरोबर, अंदमानात पोहोचला आणि तिथे उपरा होऊन बसला. बेटावरच्या मूळ प्राण्यांना त्याचा त्रास किती, हे ठरवण्यासाठी नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मिझी यांच्या चमूने शेकडो बेडकांची पोटे धुऊन पाहिली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये छापले. घनफळ मोजल्यावर या बेडकाच्या आहारात सरडे-बेडकांसारख्या कणा असलेल्या प्राण्यांचा वाटा लक्षणीय निघाला. नुसती डोकी मोजली असती तर किड्यांच्या गर्दीत हे दिसलेच नसते. तिथे तर बेडूक नकोसा पाहुणा होता. मारला असता तरी कोणी हळहळले नसते. तरीही आहाराच्या उत्तरासाठी त्याला मारण्याची गरज पडली नाही. जो बेडूक तिथे उपरा आहे तोच तिरोड्यात घरचा आहे, आणि त्याच्या बाबतीत आपण अधिक आडदांड पद्धत वापरावी, याला मला तरी कारण दिसत नाही. धानाच्या बाजूनेही उदाहरण जवळच आहे. नेपाळच्या चितवन भागातल्या भातखाचरांत बेडूक कीडनियंत्रणाला कितपत उपयोगी पडतील, यावर २०१६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. हवामान, पीक आणि बेडकांचे प्रकार आपल्याशी बरेच मिळतेजुळते आहेत.

मारण्याने उत्तर बिघडते कसे, ते आता पाहू. समजा एका बोडीभोवतीच्या चार बांध्यांत बेडूक तुडतुडे किती खातात हे पाहायचे आहे. रोवणीनंतर पंधरवड्याला, फुटव्याच्या वेळी, निसवताना आणि कापणीच्या आधी असे चार वेळा नमुने घ्यायचे ठरले. दर वेळी तीस बेडूक मारले तर हंगामाच्या शेवटी एकशेवीस बेडूक त्या चार बांध्यांतून नाहीसे झालेले असतात. म्हणजे ज्याचा परिणाम मोजायचा तोच आपण हळूहळू शेतातून काढून टाकला. चौथ्या वेळी तुडतुडे वाढलेले दिसले तर दोष हवामानाचा, फवारणी चुकल्याचा की अभ्यासकाचा, हे कोण सांगणार? पोट धुऊन बेडूक परत सोडला तर बांधीतली संख्या तशीच राहते, आणि तोच बेडूक पुन्हा सापडण्याची शक्यताही राहते. तोच बेडूक जुलैत गांडुळे आणि वाळवी खात होता, सप्टेंबरात तुडतुड्यांकडे वळला का, की अजूनही मुंग्यांवरच जगतो आहे, हा प्रश्न मेलेल्या बेडकाला विचारताच येत नाही. फवारणीच्या आदल्या रात्री आणि आठवड्यानंतर त्याच बेडकांच्या पोटात काय फरक पडला, हे शेतकऱ्याला सगळ्यात उपयोगी पडणारे माप आहे, आणि ते जिवंत बेडकावरच घेता येते.

तोच बेडूक ओळखायचा कसा, हा प्रश्न ओघाने येतो. पूर्वी त्यासाठी पायाची बोटे ठरावीक क्रमाने कापत. जीव जात नाही म्हणून ही पद्धत निरुपद्रवी मानली जाई. ऑस्ट्रेलियातले मॅकार्थी आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये जुन्या आकडेवारीची फेरतपासणी करून दाखवले की कापलेल्या बोटांची संख्या वाढते तसे बेडूक पुन्हा सापडण्याचे प्रमाण घटत जाते. त्याच वर्षी नामवंत परिसंस्था-शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनीही ‘नेचर’मध्ये या प्रथेच्या नैतिकतेवर बोट ठेवले. आता हातात मोबाइल असताना बोटे कापण्याची गरजही उरलेली नाही. मोठ्या बेडकाच्या पाठीवरचे पट्टे-ठिपके, लहान बेडकाच्या पोटाखालची नक्षी यांचे फोटो घेऊन ओळख पटवण्याचा प्रयत्न आधी करून पाहावा. न मारता याचा अर्थ अपंग न करता असाही घ्यायला हवा.

पोट धुण्यापेक्षाही सौम्य पद्धती आहेत, आणि तिथे मी थोडा हात राखून आहे. सगळ्यात साधी पद्धत विष्ठेची. बेडूक ओलसर डब्यात दिवस-दोन दिवस ठेवायचा, विष्ठा घ्यायची, बेडूक सोडायचा. नळीची भानगडच नाही. पण विष्ठेत टिकते ते टणक: भुंग्यांची पंखकवचे, मुंग्यांची डोकी. मऊ अळी विरघळून जाते. धानपट्ट्याचा प्रश्न अळ्यांचा आणि नाजूक तुडतुड्यांचा असताना केवळ विष्ठा पाहिली तर बेडूक आयुष्यभर भुंगे आणि मुंग्या खातो असा खोटा निष्कर्ष निघेल. त्यावर आजचा उपाय म्हणजे विष्ठेतल्या डीएनएची तपासणी. विरघळलेल्या अळीचाही डीएनए शिल्लक राहतो आणि प्रजातीपर्यंत ओळख पटू शकते. अडचण दोन ठिकाणी आहे. ओळख पटवायला आधी त्या किड्याचा डीएनए कोणीतरी नोंदवून ठेवलेला लागतो आणि आपल्याकडच्या असंख्य लहान कीटकांची अशी नोंद अजून झालेली नाही. दुसरे असे की डीएनए ‘काय’ ते सांगतो, ‘किती’ आणि ‘केवढा’ ते सांगत नाही. बेडकाने कोळी खाल्ला आणि कोळ्याच्या पोटात तुडतुडा होता, तर तुडतुडाही बेडकाच्या नावावर चढतो. मोठ्या बेडकाने आपल्याच जातीचे पिल्लू गिळले तर त्याचा पत्ताच लागत नाही. कातडीच्या कणभर तुकड्यातले कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक मोजून दीर्घकाळचा आहार कळतो, हा तिसरा मार्ग. ऊस किंवा मका असलेल्या भागात तो चांगला चालतो, कारण त्या पिकांची कार्बनची खूण वेगळी असते. तिरोड्यात बांधीत धान आणि धुऱ्यापलीकडे झाडोरा. कार्बनच्या दृष्टीने दोघे एकाच गोत्रातले, आणि नायट्रोजनच्या खुणेत खताची सरमिसळ. म्हणून इथे मी पोट धुण्याला पहिला क्रम देईन, डीएनएला जोडीला ठेवीन आणि समस्थानिकांवर पैसा घालवण्याची घाई करणार नाही.

व्यवहारी माणसाचा आक्षेप याहून रोखठोक असतो. पावसाळ्यात एका रात्रीत गोंदिया-तिरोडा रस्त्यावर गाड्यांखाली किती बेडूक चिरडतात, फवारणीने किती मरतात. मग अभ्यासासाठी शंभर-दोनशे मारले तर काय आकाश कोसळणार? शिवाय बांधीतले हे बेडूक दुर्मीळ नाहीत. खरे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात निघाल्या, पण त्या यादीत आपले रोजचे बांधीबेडूक नाहीत आणि असल्याचा आव मी आणणार नाही. माझे उत्तर वेगळे आहे. रस्त्यावर बेडूक मरतातच, तर आहाराचा अभ्यास करणाऱ्याने आधी तेच उचलावेत. पहाटे रहदारी वाढण्यापूर्वी गोळा केलेल्या, पोट शाबूत असलेल्या बेडकातले अन्न अभ्यासाला चालते, फक्त मरून फार वेळ झालेला नसावा. दुसरा साठा महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत आहे. कपाटांतल्या बरण्यांमध्ये कित्येक वर्षांपूर्वीचे बेडूक रसायनात पडून आहेत. पकडण्याची तारीख आणि गाव नोंदवलेले असेल तर त्यांच्या पोटात त्या काळच्या शेताचा नमुना जपलेला आहे. एवढा माल विनासायास उपलब्ध असताना नवे बेडूक मारण्याचे समर्थन ज्याने करायचे त्यानेच करावे.

जिथे मारण्याला पर्याय नाही, ते मान्य करायला माझी हरकत नाही. बांधीबेडकांच्या काही जाती दिसायला इतक्या सारख्या असतात की नाव पक्के करायला एखाददुसरा नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. वर्गीकरणाचे शास्त्र अशा नमुन्यांवरच उभे आहे आणि ते थांबवा असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. पण जातीच्या ओळखीसाठी एक आणि आहारासाठी एकशेवीस यांत फरक आहे. अंगठ्याच्या पेराएवढ्या बेडकांच्या घशात नळी जात नाही. त्यांच्यासाठी विष्ठा आणि डीएनएच बरे. शेपटीच्या पिल्लांचे तर सगळेच निराळे. त्यांचे आतडे गुंडाळलेल्या दोरीसारखे लांब, अन्न शेवाळ आणि गाळ, तिथे पोट धुणे संभवत नाही. देवगांडुळासारखे जमिनीखाली राहणारे उभयचरही या पद्धतीच्या बाहेर आहेत. मारलेल्या बेडकातून परजीवी जंत, अंडी, चरबी अशी जास्तीची माहिती मिळते हेही खरे. पण ती माहिती आहाराच्या प्रश्नाला लागत नसेल, तर ‘मिळतेय तर घेऊ’ हे जीव घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

गंमत अशी की वर्गात हा प्रश्न आपण केव्हाच सोडवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतले प्राण्यांचे विच्छेदन थांबवले. एकेकाळी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचलेला बेडूक हीच विज्ञान शाखेची ओळख होती. तो गेला आणि प्राणिशास्त्र बुडाले नाही. संशोधनात मात्र जुनी सवय शिल्लक राहायला वाव आहे, आणि तिथेच आता विद्यापीठांनी लक्ष घालावे. बेडकांच्या आहारावरचा प्रस्ताव आला की ‘न मारता का होणार नाही’ याचे लेखी उत्तर आधी मागावे. नियतकालिकांच्या संपादकांनी, प्रबंध तपासणाऱ्यांनी हाच प्रश्न विचारावा. वन विभागाची परवानगी आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची संमती लागते, ती नळी-सिरिंजच्या कामालाही लागते; न मारणे म्हणजे विनापरवाना मोकळे रान नव्हे.

हे काम कोणी करायचे, यावर हात झटकण्याची सोय नाही. यंत्रसामग्री म्हणाल तर सिरिंज, नळी, जाळी, अल्कोहोलच्या बाटल्या आणि महाविद्यालयात असतोच तो सूक्ष्मदर्शक. तिरोडा आणि गोंदियाच्या महाविद्यालयांत विद्यार्थी आहेत. धानावर काम करणारे साकोलीचे कृषी संशोधन केंद्र शेजारच्या जिल्ह्यात आहे, हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच. कीटक ओळखणारे एका ठिकाणी, बेडूक ओळखणारे दुसऱ्या ठिकाणी आणि बांधी शेतकऱ्याची, अशी ही विभागणी आहे. कमी आहे ती त्यांना एका टेबलावर बसवणाऱ्याची. हा जिल्हा त्याला नवखा नाही. दर उन्हाळ्यात सारस गणना होते तेव्हा स्वयंसेवक, वन विभाग आणि शेतकरी पहाटे पाणवठ्यांवर एकत्र उभे राहतात, आणि बांधीतले सारसाचे घरटे कापणीपर्यंत राखणारे शेतकरीही इथलेच. बोडीत कोणता बेडूक केव्हा येतो, कुठे अंडी घालतो, हे ढीवर समाजातल्या जाणत्या माणसांना कोणत्याही पदवीधरापेक्षा चांगले ठाऊक आहे. पाऊस लांबला की धोंडी काढताना बेडूक लागतो म्हणून तो शोधणारी पोरेही गावात आहेत. अनुभवी हाताखाली आठवडाभराचे प्रशिक्षण, हंगामात ठरलेल्या रात्री, आणि तीन-चार गावांत फवारलेल्या व न फवारलेल्या बांध्यांची जोडी एवढ्याने सुरुवात होते.

अशा अभ्यासाच्या आकड्यांतून बेडूक तुडतुड्यांचा कर्दनकाळ ठरेलच असे नाही. कदाचित असे निघेल की तो मुख्यतः मुंग्या-वाळवी खातो आणि धानाच्या किडीवर त्याचा प्रभाव मामुली आहे. तसे निघाले तर तेही छापावे, आणि पुस्तकातली ओळ त्याप्रमाणे सुधारावी. निदान फवारणीचा सल्ला देताना बेडकाला कुठे धरायचे आणि कुठे नाही हे कृषी सहायकाला ठामपणे सांगता येईल. तिरोड्याच्या शेतकऱ्यांना एवढीच विनंती: येत्या रोवणीनंतर एखाद्या रात्री डोक्याला बॅटरी लावलेली पोरे परवानगीचा कागद दाखवून तुमच्या धुऱ्यावर उभी राहायची मुभा मागू लागली, तर ती द्या, आणि कोणते औषध कोणत्या तारखेला मारले ते त्यांच्या वहीत लिहून द्या. त्या नोंदीशिवाय पोटातल्या किड्यांचा हिशेब लागणार नाही.